डिकॉय म्हणजे गाईडच!



गेले कित्येक महिने इथे काही लिहिलं नाही, तरी अधूनमधून डोकावून जाणाऱ्यांचे आभार. लिहायला काही नव्हतं असं नाही. एका विषयावरून घरात भांडण चाललं होतं, आणि राग निवल्याशिवाय कागदाला हात लावू नये असं मी वर्गात मुलांना सांगत आले. पण हा राग काही निवत नाही असं दिसतंय. तेव्हा तापलेलंच वाढते.

विषय आहे टर्कीची शिकार. हसू नका. नाशिकची, तीस-बत्तीस वर्षं मराठी शिकवलेली, आता चौऱ्याहत्तरीतली बाई आणि अमेरिकेतल्या रानातली टर्की, यांचा संबंध काय? संबंध नातवाचा. २०२५च्या एप्रिलमध्ये मी लेकीकडे होते, मिझुरी राज्यात, कोलंबिया गावात. नातू तेरा वर्षांचा. तिथे वसंतातला टर्कीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी एक शनिवार-रविवार खास मुलांसाठी राखून ठेवलेला असतो, सहा ते पंधरा वर्षांच्या. बरोबर मोठं माणूस हवं. त्या रविवारी आमच्या चिरंजीवांनी आयुष्यातला पहिला पक्षी मारला. फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला आणि इकडे पुण्या-नाशिकात एकच गहजब झाला. “आपल्या घरात हे कुठून आलं?”, “निष्पाप जीव!”, “आई-बाप काय करत होते?”

त्या मंडळींना आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे ते पान मिटेल. ज्यांनी हे लिहिलं त्यातले बहुतेक जण रविवारी सकाळी पिशवी घेऊन चिकनच्या दुकानापुढे उभे असतात. दीड महिन्याची ती बिचारी कोंबडी आयुष्यात एकदाही झाडावर बसलेली नसते. आमच्याही घरी मटण-मासे चालतात, त्यामुळे मला या बाबतीत सोवळ्यात बोलायचा हक्क नाही. जे खरोखर शाकाहारी आहेत त्यांच्यापुढे मी मान खाली घालते. बाकीच्यांनी गप्प बसावं. नातवाने मारलेला पक्षी घरी आला, साफ झाला, आणि मी स्वतः नाशिकहून नेलेल्या काळ्या मसाल्यात त्याचा रस्सा केला. छातीचं मांस लवकर कोरडं पडतं. पायात तर नुसत्या शिरा, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता कंटाळले. पण वाया काही घालवलं नाही.

माझं भांडण वेगळं आहे, आणि ते आमच्या जावयांशी आहे. पक्षी मारला याबद्दल नव्हे. कसा मारला, याबद्दल.

शनिवारी पहाटे मीही बरोबर गेले होते. लेक नको नको म्हणत होती, पण आजीला रान बघायचं होतं. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, साधारण माझ्याच वयाचे. त्यांनीच नातवाला वर्षभर शिकवलं होतं. साडेचारला निघालो. काळोखात ओकच्या झाडांखाली जाऊन बसलो, एका रुंद बुंध्याला पाठ टेकून. बुंधा खांद्यांपेक्षा रुंद हवा, म्हणजे दुसऱ्या कुणा शिकाऱ्याची गोळी पाठीमागून लागत नाही. अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, कारण नर टर्कीचं डोकं याच तीन रंगांचं असतं. माझा लाल काठाचा रुमाल त्या गृहस्थांनी नम्रपणे काढून घेतला आणि खिशात ठेवला.

उजाडायच्या आधी त्यांनी तोंडाने घुबडाचा आवाज काढला. मला वाटलं, हे काय आता? तेवढ्यात लांबून, उंच झाडावरून, खळखळून कुणी हसावं तसा एक आवाज फुटला. टर्कीचा नर! रात्री हे पक्षी झाडावर झोपतात, आणि वसंतात नर एवढा पेटलेला असतो की घुबड ओरडलं, वीज कडाडली, मोटारीचं दार आपटलं, कशालाही ओरडून उत्तर देतो. त्यावरून तो कुठे आहे ते कळतं. मग नातवाने खिशातून आपलं हत्यार काढलं.

आणि मंडळी, ते हत्यार म्हणजे पाटी-पेन्सिल! खरंच सांगते. पुरीएवढी गोल पाटी, खालून पोकळ वाटीत बसवलेली, आणि हातात लाकडी काडी. पाटी आधी बारीक पॉलिशपेपरने घासून खरखरीत करायची. मग काडी तिरकी धरून छोटी छोटी वर्तुळं काढायची. आपल्या वर्गात पाटीवर पेन्सिल किरकिरली की अंगावर काटा यायचा ना, तोच आवाज जरा माणसाळवला की टर्कीच्या मादीची साद होते. दुसरा प्रकार लाकडी डबीचा, झाकण कडेवर घासायचं. ती डबी १८९७ साली पेटंट झाली. तिसरा प्रकार सर्वांत अवघड. घोड्याच्या नालासारख्या छोट्या चौकटीत रबराचा पातळ पडदा, तो जिभेने टाळूला चिकटवून हवा सोडायची. मी गृहस्थांना म्हटलं, आमच्या व्याकरणात याला तालव्य म्हणतात. त्यांना काही कळलं नाही, पण मान डोलावली.

नातू वर्षभर त्या पाटीवर रियाझ करत होता. लेक वैतागून त्याला गॅरेजमध्ये पाठवायची. मादी झाडावर जागी होताना कशी बारीक कुजबुजते, खाली उतरल्यावर कशी बोलते, चरताना समाधानाने कशी गुरगुरते, हरवल्यावर कशी हाका मारते, हे सगळे वेगळे आवाज आहेत, आणि चुकीच्या वेळी चुकीचा काढला की नर पाठ फिरवतो. थोडक्यात, ही एक बोली आहे. तिला शब्द आहेत, सूर आहे, आणि मुख्य म्हणजे गप्प बसण्याच्या जागा आहेत. त्या जागा नातवाला कळत होत्या. माझ्या वर्गातल्या किती जणांना विरामचिन्हं कळली, हे मी सांगत नाही.

नर झाडावरून उतरला. उत्तर देत देत जवळ आला. आणि साठ-सत्तर पावलांवर थांबला.

इथेच या खेळाची खरी गंमत आहे, ती नीट सांगते. निसर्गात रीत अशी की नर आपल्या जागी पिसारा फुलवून उभा राहतो, साद घालतो, आणि माद्या त्याच्याकडे जातात. शिकारी मादीचा आवाज काढून त्याला म्हणतो, “मी नाही येत, तू ये.” रीतच उलटी झाली. म्हणून नर येतो खरा, पण संशय घेऊन येतो. आवाज तर इथूनच आला, मग ती दिसत का नाही? त्याची नजर विलक्षण तीक्ष्ण. मान किंचित वळवली की चहूकडचं दिसतं. पापणी हलली तरी कळतं. छर्‍याच्या बंदुकीची खात्रीची मजल साधारण चाळीस यार्ड. साठ पावलं आणि चाळीस यार्ड यांच्यामध्ये जी वीसेक पावलं उरतात, त्यांत त्या पक्ष्याचं आयुष्य असतं.

वीस-पंचवीस मिनिटं तो तिथे उभा होता. पिसारा उघडायचा, मिटायचा. माझ्या पायाला मुंग्या आल्या, नाकावर डास बसला, पण मी हलले नाही. मग त्याने एकदा मान उंच केली आणि शांतपणे टेकडीपलीकडे निघून गेला. नातवाने श्वास सोडला. त्याचे डोळे पाण्याने भरले होते आणि तो हसत होता. गृहस्थ म्हणाले, आज तो जिंकला. मी बत्तीस वर्षांत शेकडो मुलांना निकाल हातात घेताना पाहिलंय. नापास होऊनही असं तोंड झालेलं एकही आठवत नाही.

घरी आल्यावर जावयांनी विचारलं, “काय मिळालं?” काही नाही म्हटल्यावर त्यांचाच चेहरा उतरला. संध्याकाळी ते ऑफिसातल्या एका मित्राकडून एक खोकं घेऊन आले.

खोक्यात डिकॉय होता. डिकॉय म्हणजे खोटा पक्षी, पण आपल्या शेतातलं बुजगावणं डोळ्यांपुढे आणू नका. दीडशे डॉलरच्या घरातली वस्तू. रबरी अंग, रंग असे की मी दोनदा हात लावून पाहिला, आणि मागे खऱ्या टर्कीच्या पिसांचा पिसारा. हा होता नर. सोबत जमिनीवर बसलेली एक मादी. रविवारी पहाटे ही जोडी मोकळ्या कुरणात मांडली, आणि नातू जावयांबरोबर तंबूसारख्या आडोशात बसला. शेजारचे गृहस्थ गेले नाहीत. मीही गेले नाही. जे झालं ते मी जावयांच्या फोनवरच्या चित्रफितीत पाहिलं.

नर आला. थांबला नाही. आपल्या मादीजवळ परका नर पाहून त्याचं डोकं लालबुंद झालं. तो पळत आला आणि त्या रबरी नरावर तुटून पडला. पंख मारतोय, पायांच्या आऱ्या मारतोय, खोटा पक्षी पडला तर त्याच्यावर चढतोय. पंधरा पावलांवर. त्याला जगात दुसरं काही दिसतच नव्हतं. नातवाने एकदा पाटी घासली होती, म्हणे. एकदाच. तिची गरजही नव्हती.

चित्रफीत संपल्यावर मी म्हटलं, “हे तर गाईड झालं.”

शिक्षक मंडळींना लगेच कळेल. धडा वाचायचा, प्रश्न समजून घ्यायचा, आपल्या शब्दांत उत्तर लिहायचं, ही एक वाट. बाजारातून गाईड आणायचं आणि तयार उत्तर उतरवायचं, ही दुसरी. गुण कदाचित दुसऱ्या वाटेनं जास्तच मिळतात. (माझ्या स्वतःच्या लेकीने दहावीला गादीखाली गाईड लपवलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं, ती हे वाचत असेल तर असू दे.) नातू वर्षभर एक भाषा शिकला आणि परीक्षेच्या दिवशी त्याच्या हातात गाईड दिलं. आणि पास झाला म्हणून पाठ थोपटली.

आता समोरच्यांची बाजू. जावई तर्काने बोलणारे आहेत, म्हणून त्यांचं म्हणणं टाळत नाही. ते म्हणाले, “आई, फसवणूक ती फसवणूक. आवाजाने केली काय आणि रूपाने केली काय?” माझ्या धाकट्या भावानेही गटावर हाच मुद्दा लिहिला, तो गणिताचा मास्तर, त्याला सगळं समान चिन्हाने जोडायची सवय.

फसवणूक आहे, मान्य. रानात ती जुनीच आहे आणि एकतर्फीही नाही. मार्क ट्वेन याच मिझुरीचा. लहानपणी टर्कीच्या मागे कसा फिरलो, यावर त्याने १९०६ साली एक छोटा लेख लिहिला. टर्कीच्याच पायाच्या हाडातून हवा ओढून टर्कीला बोलावायचं, ही युक्ती त्यात आहे. पण लेखात फसतो तो मुलगाच. पिल्लांपासून त्याला दूर न्यायला मादी लंगडण्याचं सोंग करते आणि दिवसभर त्याला रानभर हिंडवते. तेव्हा सोंग दोन्हीकडून चालतं. माझा प्रश्न एवढाच आहे, की समोरच्याला शंका घ्यायला जागा ठेवली आहे का?

आम्ही पंचवटीच्या गावचे, आम्हाला हे शिकवायला नको. मारीचाने दोन्ही युक्त्या वापरल्या. आधी रूप, म्हणजे सोन्याचं हरीण. मग आवाज, म्हणजे मरताना काढलेली रामाच्या आवाजातली हाक. लक्ष्मणाने शंका दोन्ही वेळा घेतली. पण हरीण डोळ्यांपुढे बागडत असताना त्याचं कुणी ऐकलं नाही, प्रत्यक्ष राम धनुष्य घेऊन निघाला. हाक आली तेव्हा मात्र लक्ष्मण जागचा हलला नाही. त्याला हलवायला सीतेचे कठोर शब्द लागले. कानावर पडलेल्या गोष्टीला माणूस “खरं का?” असं विचारतो. डोळ्यांना दिसलं की विचारणं संपतं. माणसाची ही गत, तर पक्ष्याची काय?

आणि रूप-आवाजात फरक नाही असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्याच देशाचे कायदे पाहावेत. शिकाऱ्यांच्या त्या देशात बदकं बोलावायला जिवंत बदकं बांधून ठेवायची चाल होती, ती १९३५ साली बंद केली. टर्कीसाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवायला मिझुरीत बंदी आहे. हाताने, तोंडाने काढाल तेवढाच आवाज तुमचा. अलाबामात २०२२पासून हंगामाचे पहिले दहा दिवस डिकॉय वापरायचा नाही. कारण पहिल्या दिवसांत पळत येऊन भांडणारा नर हा बहुतेक त्या भागातला दादा असतो, आणि माद्या अंडी घालायच्या आधीच तो गेला तर विणीची घडी बिघडते, अशी तिथल्या जाणकारांची काळजी आहे. पेनसिल्व्हेनियात वसंतात टर्कीच्या दिशेने सरपटत जाण्यालाच मनाई, बसून बोलावलं तरच शिकार. आणि हे सरपटणं फार बोकाळलंय बरं का. मेलेल्या टर्कीचा पिसारा ढालीसारखा तोंडापुढे धरायचा आणि कुरणातून रांगत जिवंत नरावर चालून जायचं. पिसाऱ्यामागे माणूस आहे हे दुसऱ्या शिकाऱ्याला दिसत नाही, तेव्हा यात माणसंही मरू शकतात. म्हणजे फसवणुकीला पायऱ्या असतात, हे शिकाऱ्यांनीच ठरवलेलं आहे. मी फक्त म्हणते, एक पायरी आणखी खाली उतरा.

जावयांचा दुसरा मुद्दा मला जास्त अडचणीचा वाटतो. ते म्हणाले, डिकॉय असला की पक्षी जवळ येतो, स्थिर असतो, नेम चुकत नाही, जखमी होऊन झुडपात जाऊन मरत नाही. तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात बंदूक असताना हे महत्त्वाचं नाही का? आहे. मी रात्रभर यावर विचार केला. पण मग शेजारच्या गृहस्थांनी वर्षभर काय शिकवलं होतं? चाळीस यार्डांच्या आत आला तरच चाप ओढायचा, नाहीतर हात जोडून घरी यायचं. शनिवारी नातवाने तेच केलं होतं. सत्तर पावलांवरून मारावंसं त्याला किती वाटलं असेल, पण बंदूक उचलली नाही. संयम त्याच्यापाशी होताच, रबरी पक्ष्यावर तो सोपवायची गरज नव्हती.

तिसरं म्हणे, मुलाला यश मिळालं नाही तर तो नाद सोडून देईल, आणि शिकारी कमी झाले तर रानं कोण राखणार? यात तथ्य आहे, आणि इकडच्या लोकांना ते माहीत नसतं म्हणून सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली रानटी टर्की संपत आली होती. १९३७ साली कायदा झाला, बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळला. खाणं टाकून पक्षी गोळा करायचे, तोफेसारख्या नळकांड्यांनी त्यांच्यावर जाळं उडवायचं, पकडून ओसाड रानात नेऊन सोडायचे, असं वर्षानुवर्षं केलं. मिझुरीत १९६० साली पुन्हा वसंतातली शिकार सुरू झाली. पुढे देशभरात संख्या साठ-सत्तर लाखांवर गेली. हे शिकाऱ्यांच्या पैशाने झालं, नाकारून चालणार नाही. पण गेल्या वीसेक वर्षांत अनेक राज्यांत आकडे पुन्हा उतरताहेत, मिझुरीतही पिल्लं पूर्वीसारखी वाढत नाहीत. त्याला कारणं पुष्कळ, त्यात डिकॉय मुख्य आहे असं मी म्हणणार नाही. पण पक्षी कमी होत असताना तो मारणं सोपं करत जायचं, हा कुठला हिशेब?

जाता जाता एक. गटावर कुणीतरी लिहिलं, “आपल्याकडे असलं काही नव्हतं.” नव्हतं कसं? माझ्या वडिलांच्या गावी माळावर फासेपारधी यायचे. पिंजऱ्यात पाळलेला तित्तर, भोवती जमिनीत फास. पिंजऱ्यातला तित्तर ओरडला की त्या माळाचा मालक असलेला तित्तर भांडायला धावायचा आणि पाय अडकायचा. हुबेहूब रविवारची चित्रफीत. फरक एवढाच की पारधी पोटासाठी करत होता, आणि इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने आरंभलेला गुन्हेगारीचा शिक्का त्याच्या जमातीवर मारला तो मारलाच. १९५२ साली कायद्याने पुसला, लोकांच्या मनातून अजून पुसला गेला नाही. आणि हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा शर्ट घालून दीडशे डॉलरचा रबरी पक्षी मांडणाऱ्याला मात्र खेळाडू म्हणायचं! हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पुन्हा कधीतरी.

नातवाला मी काही बोलले नाही. रविवारी दुपारी तो ओट्याशी आला, मी पिसं वर्तमानपत्रात गुंडाळत होते. म्हणाला, “आजी, कालचा मोठा होता ना गं?” मी म्हटलं, “हो, चांगलाच.” मग बराच वेळ काही बोलला नाही. जाताना खिशातली पाटी काढून तिच्यावर पॉलिशपेपर घासत गॅरेजमध्ये गेला.

आता येत्या एप्रिलात पुन्हा तो शनिवार-रविवार येईल. जावयांचं म्हणणं, डिकॉय न्यायचाच, निदान मादी तरी. माझं म्हणणं, पाटी, बुंधा आणि गप्प बसणं, एवढंच. शेजारचे गृहस्थ माझ्या बाजूने आहेत, लेक कुणाच्याच बाजूने नाही. जावयांना याचं उत्तर लिहायचं असेल तर जरूर लिहावं. मी इथे जसंच्या तसं छापीन. फक्त शुद्धलेखन तपासून.